मेलमन सुधारायचंय? मग आधी शंट क्यू उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका स्वयंसेवी संस्थेची मेलिंग लिस्ट, म्हणजे एका पत्त्यावर आलेली मेल सगळ्या सभासदांना पोचवणारी यादी, तुमच्या गळ्यात पडली आहे. सभासद अकराशे, सॉफ्टवेअर मेलमन २.१. तक्रारी नेहमीच्याच. मेल येत नाहीत, मेल आपोआप बंद झाल्या, पासवर्ड आठवत नाही, मोबाईलवर जुनी पत्रं वाचता येत नाहीत. तुम्हाला पायथन आणि त्यातलं जँगो हे वेबसाइटचं साधन येतं, नोकरीत रोज रिॲक्ट, म्हणजे वेबपानांचं कोड, लिहिता. मेलमनच्या डेव्हलपरांमधल्या गेल्या काही वर्षांच्या चर्चा तुम्ही वाचून काढल्यात आणि तुमचं मत झालंय की ही मंडळी नुसता काथ्याकूट करतात, सुधारत काहीच नाहीत. म्हणून विचारताय की इंटरफेस नव्याने लिहून द्यावा, की सगळंच पहिल्यापासून नवं लिहावं? आणि पहिला पॅच, म्हणजे कोडमधली छोटी दुरुस्ती, कशावर पाठवावा?

मी बरीच वर्षं लिस्टा सांभाळतोय. मेलमन २ चालवलं, त्यावरून ३ वर आलो, दोन-चार छोटे पॅचही पाठवले. मेन्टेनर, म्हणजे मेलमनच्या कोडची जबाबदारी असलेला माणूस, मी नाही, तेव्हा खालचं सगळं लिस्ट चालवणाऱ्याच्या बाजूने लिहिलेलं आहे.

आधी तुमच्या तक्रारींची यादी परत वाचा. चारपैकी पहिल्या दोन तक्रारींचा इंटरफेसशी काडीचा संबंध नाही. मेल पोचत नसेल तर पान कितीही देखणं केलंत तरी ती पोचणार नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तिसरी आणि चौथी तक्रार मेलमन ३ मध्ये बऱ्याच अंशी मिटलेली आहे. २.१ मध्ये प्रत्येक लिस्टचा पासवर्ड वेगळा असतो आणि दर महिन्याच्या एक तारखेला तो उघड्या अक्षरांत मेलने येतो. ३ मध्ये एका माणसाचं एकच खातं असतं, आणि जुनी पत्रं दाखवणारं हायपरकिटी मोबाईलवर नीट दिसतं. म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे, ते तुमच्या सर्व्हरवर पोचलेलं नाही एवढंच. तुमच्या तक्रारींमागची खरी भानगड लिस्टमधून जाताना पत्राचं जे होतं त्यात आहे. डेव्हलपरांचे वाद वर्षानुवर्षं तिथेच घोटाळतात, आणि ते उगीच नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकतो. तुमच्या डोमेनचं डीएनएस, म्हणजे त्या नावाच्या इंटरनेटवरच्या जाहीर नोंदी, तुमच्या हातात आहे का? सर्व्हर तुमचा आहे, की होस्टिंगवाल्याने दिलेलं मेलमन तुम्ही वापरताय? दुसरं असेल तर आतल्या कोडला तुम्हाला हात लावता येणार नाही, फक्त सेटिंग बदलता येतील. आणि आठवड्याला किती तास देणार? दोन तास देणाऱ्याला मी एक सांगेन, सुट्टी काढून बसणाऱ्याला दुसरं.

आता पत्राचं काय होतं ते. लिस्टचं सॉफ्टवेअर म्हणजे पोस्टमन, असं आपण समजतो. पण हा पोस्टमन जरा वेगळा आहे. पत्र आलं की तो पाकीट फोडतो, विषयाच्या आधी चौकटी कंसात संस्थेचं नाव टाकतो, मजकुराखाली 'लिस्टमधून बाहेर पडण्यासाठी इथे जा' अशा दोन ओळी लिहितो, आणि अकराशे प्रती काढून त्या मूळ लेखकाच्याच नावाने रवाना करतो. मेलमन १.० आलं १९९९ साली आणि २.१ आलं २००२ च्या अगदी शेवटी. तेव्हा याला कोणी हरकत घेत नव्हतं. ईमेलवर 'कडून' म्हणून कोणाचंही नाव टाकता येत होतं, आणि सगळा कारभार विश्वासावर चालला होता.

मग स्पॅमवाल्यांनी त्या विश्वासाचं वाटोळं केलं आणि तपासण्या आल्या. डीकिम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहोर. पाठवणारा सर्व्हर विषय, 'कडून' अशा ठरावीक ओळींवर आणि मजकुरावर मिळून सही करतो. विषयात कंस घातला किंवा खाली दोन ओळी वाढवल्या की मोहोर फुटली. एसपीएफ म्हणजे अमुक डोमेनची मेल अमुक सर्व्हरवरूनच येईल, अशी डीएनएसमध्ये लावलेली नोंद. पण ती बघते पाकिटावरचा परतीचा पत्ता, आणि लिस्टमधून निघालेल्या पाकिटावर तो लिस्टचा असतो. त्यामुळे एसपीएफ पास होतं खरं, पण लिस्टच्या नावाने. आतल्या पत्रावर नाव असतं लेखकाचं. डीमार्क नेमकं हेच विचारतं: आत ज्याचं नाव आहे त्याच्या डोमेनशी जुळणारी निदान एक तपासणी पास झाली का? लिस्टवरून आलेल्या पत्राचं उत्तर 'नाही' असं येतं. असं उत्तर आलं तर पत्र परत पाठवा, असं लेखकाच्या डोमेनने जाहीर केलेलं असेल, तर घेणारा सर्व्हर ते परत पाठवतो.

असा कडक नियम मुख्यतः बँकांसारख्यांनी लावायचा, असा सुरुवातीला समज होता. एप्रिल २०१४ मध्ये याहूने तो आपल्या सगळ्या सामान्य खातेदारांना लावला, त्याच महिन्यात एओएलनेही लावला, आणि जगभरच्या लिस्टांवर कल्लोळ उडाला. तुम्ही वाचलेल्या चर्चांपैकी निम्म्यांचं मूळ त्या महिन्यात आहे.

'मेल आपोआप बंद झाल्या' ही तक्रारही बहुधा इथूनच येते. मेलमन परत आलेल्या मेल मोजतं. ठोस नकाराला एक गुण, तात्पुरत्या अडचणीला अर्धा. एका दिवसात कितीही मेल परत आल्या तरी गुण एकदाच वाढतो. मुळातल्या सेटिंगप्रमाणे पाच गुण झाले की त्या सभासदाची मेल बंद होते, आणि सात दिवस एकही परत आली नाही तर जुने गुण पुसले जातात. आता समजा, तुमच्याकडच्या एका उत्साही काकांचा पत्ता कडक नियमाच्या डोमेनवर आहे आणि ते रोज सकाळी लिस्टवर काहीतरी लिहितात. काकांची मेल डीमार्क पाळणारा प्रत्येक सर्व्हर परत पाठवणार. पण परत आलेल्या मेलीचा गुण चढतो ज्याला ती पोचली नाही त्याच्या नावावर. काकांचं काहीच बिघडत नाही. पाच दिवसांत पन्नास-शंभर निरपराध सभासद मात्र बंद पडतात, आणि त्यांनी तर आठवडाभर तोंडही उघडलेलं नसतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर कोणीच नाही आणि फाशी तेवढी ठरलेली आहे.

उपाय तीन-चार आहेत आणि प्रत्येकाला खोट आहे. चर्चा संपत नाहीत त्या म्हणूनच.

एक म्हणजे 'कडून'मधला पत्ता लिस्टचा करायचा आणि मूळ लेखकाचा पत्ता 'उत्तर इकडे' या हेडरमध्ये, म्हणजे पत्राच्या माथ्यावरच्या ओळीत, टाकायचा. मेल पोचते. पण वाचणाऱ्याच्या ॲड्रेस बुकात भलतंसलतं साठायला लागतं. 'देशपांडे, मार्फत संस्था' या नावापुढे लिस्टचा पत्ता बसतो, आणि कोणीतरी देशपांड्यांना खाजगी म्हणून लिहिलेलं पत्र अकराशे जण वाचतात. हे मी दोनदा पाहिलंय. त्यातल्या एका पत्रात लग्नाच्या बोलणीतला तपशील होता.

दुसरा उपाय म्हणजे मूळ पत्राला जसंच्या तसं जोडपत्र करून लिस्टच्या नावाच्या नव्या पत्रात गुंडाळायचं. तांत्रिकदृष्ट्या हा सगळ्यांत प्रामाणिक. पण मोबाईलवर लोकांना कोरं पत्र आणि खाली एक अनोळखी फाइल दिसते, आणि 'व्हायरस आहे का हो?' म्हणून तुम्हाला फोन येतात.

तिसरा एआरसी. लिस्ट म्हणते, 'माझ्याकडे आलं तेव्हा या पत्राची मोहोर शाबूत होती, ही बघा माझी साक्ष.' २०१९ मध्ये आरएफसी ८६१७ म्हणून तो प्रसिद्ध झाला (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज), तोही प्रायोगिक दर्जाचा. मेलमन ३ मध्ये त्याची सोय आहे. पण साक्षीदारावर विश्वास ठेवायचा की नाही हे घेणारा ठरवतो, आणि तुमच्या-माझ्या छोट्या सर्व्हरची साक्ष मोठे लोक ऐकतीलच असं नाही.

चौथा म्हणजे काही करायचंच नाही. विषयात कंस नको, खाली ओळी नकोत, पत्राला हात न लावता पुढे पाठवायचं. मोहोर फुटत नाही, डीमार्क पास होतं. लिस्टमधून बाहेर पडायचा दुवा हेडरमध्ये राहतो. त्याची सोय १९९८ च्या आरएफसी २३६९ पासून आहे.

मी काय करतो? तांत्रिक मंडळींच्या लिस्टवर चौथा. त्यांना हेडरवरून फिल्टर लावता येतो, कंसाची गरज नाही. एका मंडळाची लिस्ट आहे, तिथे पहिला. तिथल्या सत्तरीच्या सभासदांना इनबॉक्समध्ये तो कंस दिसला की आपलं पत्र आलं हे कळतं. कंस काढून बघितला होता, चार दिवसांत परत घातला. एकच माणूस, एकच सॉफ्टवेअर, आणि दोन ठिकाणी दोन उलटे निर्णय. आता तुम्ही मेन्टेनरच्या जागी बसा आणि 'यातलं डिफॉल्ट कुठलं ठेवायचं?' याचं उत्तर द्या. लिस्टवरच्या पत्राला कोणी उत्तर दिलं की ते लेखकाला जावं की लिस्टला, हा वाद याहूनही जुना आहे. दोन्ही बाजू आपापल्या लिस्टपुरत्या बरोबर असतात. तुम्ही ज्याला काथ्याकूट म्हणताय त्याचा बराच भाग असा आहे.

सभासद स्वतःहून कधी सांगणार नाहीत असाही एक मुद्दा आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांना कडक नियम लावले. डीमार्कची नोंद हवी, आणि प्रचाराच्या किंवा वर्गणीदारांना जाणाऱ्या मेलना एका क्लिकमध्ये बाहेर पडता यायला हवं. 'आमची कुठे एवढी मेल?' असं वाटेल. अकराशेपैकी नऊशे पत्ते जीमेलचे असले आणि एखाद्या दिवशी वादावादीत सहा पत्रं पडली की ५,४०० झाली. 'कडून'मध्ये लिस्टचा पत्ता घातला असेल तर ती सगळी तुमच्याच डोमेनच्या खात्यावर मोजली जातात. आणि एका क्लिकच्या बाहेर पडण्यासाठी, म्हणजे आरएफसी ८०५८ प्रमाणे, प्रत्येक सभासदाला वेगळा दुवा लागतो. मेलमन मुळात एका खेपेत पाचशेपर्यंत पत्ते देऊन एकच प्रत सर्व्हरकडे सोपवतं, म्हणजे अकराशेंसाठी तीन खेपा. वेगळा दुवा म्हटलं की प्रत्येकाची प्रत वेगळी, म्हणजे अकराशे खेपा. तुमच्या आकाराला ते झेपेल. लाखभर सभासदांची लिस्ट चालवणारा मात्र कुरकुरणार, आणि तोही चर्चेत असतोच.

आता ज्यात तुम्ही खरंच भर घालू शकता अशा गोष्टीकडे येतो. ही जरा बारकाईने सांगतो, कारण देवनागरी वापरणाऱ्याशिवाय दुसरं कोणी तिकडे बघणार नाही.

ईमेलच्या हेडरमध्ये मुळात साधी रोमन अक्षरंच चालतात. देवनागरी विषय पाठवायचा तर तो आरएफसी २०४७ प्रमाणे सांकेतिक तुकड्यांत बांधावा लागतो. असा एक तुकडा जास्तीत जास्त ७५ अक्षरांचा. त्यातली १२ अक्षरं 'हा यूटीएफ-८ आहे, बेस६४ मध्ये आहे' हे सांगण्यात आणि तुकड्याच्या खुणांत जातात (यूटीएफ-८ ही चिन्हं बाइटांत लिहायची पद्धत, बेस६४ ही ते बाइट रोमन अक्षरांत बांधायची). उरली ६३. बेस६४ चौकडीने चालतं, म्हणून कामाची ६०. ६० मध्ये ४५ बाइट मावतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि काना, वेलांटी, हलंत ही सगळी स्वतंत्र चिन्हं. म्हणजे एका तुकड्यात पंधरा चिन्हं. इंग्रजी विषय असता तर त्याला हे काहीच करावं लागलं नसतं.

उदाहरण म्हणून आपल्याकडच्या प्रत्येक संस्थेचा लाडका विषय घ्या: 'वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना'. मोकळ्या जागा धरून तीस चिन्हं, ८४ बाइट, दोन तुकडे. पहिल्या तुकड्यात 'वार्षिक', मोकळी जागा आणि 'सर्वसाध' एवढं बसतं, ४३ बाइट. पुढचं चिन्ह घेतलं तर ४६ होतात आणि ते मावत नाही. म्हणून दुसरा तुकडा सुरू होतो काना या चिन्हाने. मागे अक्षर नसलेला नुसता काना.

नियमाप्रमाणे यात चूक काही नाही. दोन तुकड्यांमधली मोकळी जागा दाखवताना गाळायची असा नियम आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला 'सर्वसाधारण' सलग दिसतं. पण मधल्या कोणी ती जागा गाळली नाही, तर 'सर्वसाध' दिसतं, मग फट, मग ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटलेला काना, आणि मग 'रण'. एका सभेच्या सूचनेत असंच गेलं होतं. चूक माझीच. विषयातला लिस्टचा कंस काढून नवा घालायला मी स्वतःचा एक छोटा हँडलर, म्हणजे मेलमनमध्ये बसवायचा कोडचा तुकडा, लिहिला होता. पायथनच्या ईमेल लायब्ररीत हे काम करणारं फंक्शन आहे. ते न वापरता मी रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातले ठरावीक नमुने शोधायच्या सूत्राने) एकेक तुकडा उलगडला आणि मध्ये स्पेस टाकून जोडला. इंग्रजी विषयांवर टेस्ट केलं होतं. ते एका तुकड्यात मावणारे, त्यामुळे सगळं हिरवं. सभेची सूचना 'सर्वसाध ारण' होऊन सगळ्यांना गेली, आणि त्यावर जे विनोद झाले ते इथे लिहीत नाही.

आता मेलमनच्या कोडमध्ये विषयाला कंस लावणारा भाग उघडून बघा. उत्तराची मेल ओळखायला तिथे एक छोटा पॅटर्न आहे: इंग्रजीचं 'आरई', जर्मनचं 'एडब्ल्यू', स्वीडिश आणि शेजाऱ्यांचं 'एसव्ही', फिनिशचं 'व्हीएस'. बस, चारच. कोणाला तरी आपल्या भाषेत त्रास झाला, त्याने पॅच पाठवला, म्हणून त्या भाषा तिथे आहेत. ती एक ओळ बघितली की अशा प्रकल्पात सुधारणा कशी होते ते कळतं. देवनागरी विषय, देवनागरी कंस, देवनागरी फूटर (मजकुराखालच्या त्या दोन ओळी), त्यात एक इंग्रजी मेल आणि एक जुन्या एन्कोडिंगमधली मेल, अशा दहा-बारा नमुन्यांच्या टेस्ट लिहून पाठवा. एखादी नापास झाली तर तुम्हाला बग मिळाला. सगळ्या पास झाल्या तरी पुढे कोणी ते कोड बदलताना आपली भाषा मोडणार नाही.

अशीच आणखी एक टेस्ट मला हवी आहे, वेळ मिळत नाही म्हणून राहिली. डीकिमची सही असलेली देवनागरी मेल घ्यायची, कंस आणि फूटर बंद असलेल्या लिस्टमधून काढायची, आणि बाहेर आलेल्या मजकुराचा एकही बाइट बदललेला नाही हे तपासायचं. 'काही करायचं नाही' असं सांगितलेलं सॉफ्टवेअर खरंच काही करत नाही ना, एवढंच बघायचं. मेल वाचून परत लिहिताना लायब्ररी कधी ओळी नव्याने दुमडते, कधी बेस६४ ची मांडणी बदलते, आणि मोहोर फुटल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही.

मेलमन ३ वर जाण्याबद्दल. जावंच लागेल. २.१ पायथन २ वर चालतं, ते १ जानेवारी २०२० ला संपलं. २.१ ची शेवटची आवृत्ती २.१.३९, डिसेंबर २०२१ ची. डेबियनने ११ व्या आवृत्तीपासून मेलमन २ काढूनच टाकलं. पण ३ म्हणजे २ ची मोठी आवृत्ती असं समजू नका, तो वेगळाच संसार आहे. गाभा वेगळा, लिस्ट सांभाळायचं पोस्टोरियस वेगळं, जुन्या पत्रांचं हायपरकिटी वेगळं, आणि हे सगळे रेस्ट एपीआयने एकमेकांशी बोलतात. त्याखाली डेटाबेस, पोस्टफिक्ससारखा मेल सर्व्हर, जँगो चालवणारा एक सर्व्हर, त्याच्यापुढे एनजिनएक्स, आणि पडद्यामागची कामं करणारा क्यू-क्लस्टर. यातला क्यू-क्लस्टर सुरू करायचा राहिला तर वरवर सगळं चालू दिसतं, पण हायपरकिटीची पडद्यामागची कामं होतच नाहीत, आणि तुम्ही दोन दिवस भलतीकडे शोधत बसता. हायपरकिटीची किल्ली दोन फाइलींत सारखी लिहावी लागते. एकीत चुकली की मेल पोचतात पण संग्रह रिकामा. आणि जँगोमध्ये 'साइट' नावाची नोंद असते, तिचं मूळ नाव एक्झाम्पल डॉट कॉम. ती बदलायला विसरलात की नव्या सभासदाला 'एक्झाम्पल डॉट कॉमवर स्वागत' अशी मेल जाते. ही चूक मीही केली आहे.

जुनी पत्रं आणताना मात्र घाई नको. २.१ चा संग्रह एका लांबलचक मजकूर फाइलमध्ये असतो, आणि नवं पत्र कुठे सुरू झालं हे ओळीच्या सुरुवातीच्या 'फ्रॉम' या शब्दावरून ओळखतात. कोणी पत्राच्या आतच एखादी ओळ 'फ्रॉम'ने सुरू केली असेल आणि ती नीट झाकलेली नसेल तर एका पत्राची दोन होतात. त्यासाठी मेलमन २ मध्येच क्लीनआर्च नावाची स्क्रिप्ट आहे, ती आधी चालवा. जुन्या संग्रहात आणखी एक खोड होती: संग्रह परत बांधला की पत्रांचे क्रमांक बदलायचे आणि बाहेर दिलेले दुवे भलत्याच पत्राकडे जायचे. ३ मध्ये दुवा पत्राच्या मेसेज-आयडीपासून काढलेल्या ३२ अक्षरांच्या हॅशवर चालतो, संग्रह दहादा बांधा, तो तोच राहतो. मला मेलमन ३ मधली सगळ्यांत आवडती गोष्ट विचारलीत तर मी ही सांगेन, नवं रूपडं नाही. जुने दुवे चालू ठेवायचे असतील तर जुनी एचटीएमएल पानं तशीच एका कोपऱ्यात ठेवून द्या, जागा काही फार लागत नाही.

सगळंच पहिल्यापासून लिहायचं का? नको. लिस्टचं सॉफ्टवेअर पंधरा दिवसांत लिहून होतं, आणि ते पंधरा दिवस मजेत जातात. मग बाउन्स, म्हणजे परत येणाऱ्या मेल, सुरू होतात. प्रत्येक मेल सर्व्हर नकार आपापल्या शब्दांत कळवतो आणि काही तर मूळ पत्ताही सांगत नाहीत. मेलमनचा बाउन्स ओळखणारा भाग म्हणजे जगभरच्या विचित्र सर्व्हरांचा वीसेक वर्षांचा पंचनामा आहे. तो तुम्ही पुन्हा गोळा करणार नाही. वेगळं काही हवंच असेल तर आधीच असलेलं बघा. सिम्पा आहे, अगदी हलकं एमएलएमएमजे आहे. चर्चा मुळातच वेबवर व्हायला हवी असेल तर डिस्कोर्स आहे, पायथनच्या गाभ्यातल्या डेव्हलपरांनीही २०२२ मध्ये आपली मुख्य चर्चा तिकडे हलवली. याउलट लिनक्स कर्नलवाले मेलवरच ठाम आहेत आणि त्यांचा संग्रह पब्लिक-इनबॉक्स गिटमध्ये ठेवतं. तुमच्या सत्तरीच्या सभासदांना लॉगिन करून चर्चा वाचायला लावाल का, हे मात्र तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या मंडळात ते जमलं नसतं.

पॅच पाठवण्याबद्दल थोडं. मेलमन ३ चं काम गिटलॅब या कोडच्या साइटवर चालतं. पहिली मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल सामावून घ्या' ही विनंती, चाळीस ओळींच्या आत ठेवा. काम करणारे मूठभर आहेत आणि सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून करतात. तुमची दोन हजार ओळींची रिॲक्टची भेट वाचायची म्हटली तर त्यांचे चार रविवार जातील, आणि नंतर तुम्ही नोकरी बदललीत की ते कोड सांभाळायचं त्यांनीच. त्यांची शांतता म्हणजे नकार असं समजू नका. दोन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करा. इंग्रजी जेमतेम असलं तरी चालतं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि सोबत बग दाखवणारी मेल, एवढं असलं की पुरे. माझ्या एका पॅचवर 'टेस्ट कुठे आहे?' एवढीच टिप्पणी आली होती. राग आला होता. टेस्ट लिहायला बसलो तेव्हा पॅचच चुकीचा असल्याचं कळलं.

तर या शनिवारी हे करा. २.१ च्या लिस्ट-मेंबर्स कमांडला 'बाउन्समुळे बंद' असलेल्या सभासदांची यादी मागा. ती पाच-दहाची असेल तर प्रश्न नाही, साठ-सत्तरची निघाली तर वर सांगितलेलं डीमार्कचं प्रकरण समजा. मग गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये पाठवणाऱ्यांच्या फिल्टरखाली डीमार्कसाठी काय करायचं याचा पर्याय आहे, २.१.१८ पासून. तिथे 'कडून' बदलण्याचा पर्याय निवडा आणि त्या सभासदांना परत चालू करा. हे संपूर्ण काम अर्ध्या तासाचं आहे, त्यात कोडची एक ओळ लिहावी लागत नाही.

उरलेल्या दुपारी क्यू-फाइल्सच्या फोल्डरमधलं शंट नावाचं फोल्डर उघडा. एखादी मेल हाताळताना कोडमध्येच काही फुटलं की मेलमन ती तिथे टाकून पुढे जातं, कोणाला काही कळवत नाही. माझ्याकडे पहिल्यांदा उघडलं तेव्हा दोन वर्षांच्या ४१ मेल पडलेल्या होत्या, त्यातल्या बहुतेक देवनागरीतल्या. प्रत्येकीचा ट्रेसबॅक, म्हणजे कोड नेमकं कुठे फुटलं याची नोंद, एरर लॉगमध्ये तारखेनिशी सापडतो. सरसकट अनशंट करू नका, म्हणजे त्या मेल पुन्हा रांगेत सोडू नका, नाहीतर दोन वर्षांपूर्वीची सहलीची आमंत्रणं आज पोचतील. तुमचा पहिला पॅच बहुतेक त्या फोल्डरातच आहे. काही मिळालं तर नावं आणि पत्ते खोडून ट्रेसबॅक इथे टाका, बघतो.